बॉयकॉट नावाचा माणूस

'बॉयकॉट' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो क्रिकेटमध्ये. नव्वदच्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात मोजक्या घरांत केबल होती. त्यातल्या एका घराच्या पडवीत बसून आम्ही पोरं मॅच बघायचो. समालोचन करणाऱ्यांत टोपी घातलेला एक वयस्कर गोरा माणूस असायचा. त्याचं इंग्रजी आम्हाला शून्य कळायचं, पण तो कुणावर तरी वैतागलाय एवढं नक्की कळायचं. नाव जेफ्री बॉयकॉट. आमच्यातल्या एका दहावीच्या दादाने या नावाचा अर्थही लावून दिला होता. बॉय म्हणजे मुलगा, कॉट म्हणजे खाट. बरीच वर्षं मी तोच अर्थ धरून चालले होते.

मग आठवीत इंग्रजीच्या वहीत शब्दार्थ लिहून घेतला : बॉयकॉट म्हणजे बहिष्कार. इतिहासात टिळकांची चतुःसूत्री होतीच. परदेशी कापडाची होळी, धूर, घोषणा. मला तो शब्द तेव्हा फार आवडला, कारण तो आपल्या बाजूचा होता.

आता माझं पोटापाण्याचं काम इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचं आहे. मोबाइलवर तुम्ही जे मराठी वाचता, त्यातलं थोडंफार माझ्या हातून गेलेलं असू शकतं. काही महिन्यांपूर्वी एका मजकुरात हा शब्द दोनदा आला. पहिल्या वाक्यात लोक एका सिनेमाला बॉयकॉट करत होते. दुसऱ्या वाक्यात एक गाव एका कुटुंबाला बॉयकॉट करत होतं. मी पहिल्या ठिकाणी 'बहिष्कार' लिहिलं. दुसऱ्या ठिकाणीही तेच लिहिणार होते, पण हात थांबला. त्या दुसऱ्या वाक्यासाठी माझ्या गावात वेगळा शब्द होता. वाळीत टाकणं.

लहानपणी मला तो 'वाळत टाकणं' असा ऐकू यायचा. गावाने त्यांना वाळत टाकलंय, असं घरात कुजबुजत बोलायचे, आणि मला दोरीवर चिमटे लावून टांगलेली माणसं दिसायची. त्याबद्दल पुढे सांगते. आधी मूळ बॉयकॉटकडे जायला हवं, कारण बॉयकॉट हा एक खराखुरा माणूस होता.

*

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२, इंग्लंडमधल्या नॉरफॉक परगण्यात. तरुणपणी थोडी वर्षं सैन्यात काढली. लोक त्याला कॅप्टन म्हणत, पण सैन्यात तो त्या हुद्द्यापर्यंत पोचलाच नव्हता. १८७० च्या दशकात तो पश्चिम आयर्लंडच्या मेयो परगण्यात, लॉक मास्क नावाच्या तळ्याकाठी राहायला आला. तिथली जमीन लॉर्ड अर्न या जमीनदाराची होती. या लॉर्डसाहेबांची आयर्लंडभर मिळून चाळीस हजार एकर जमीन होती आणि ते स्वतः दूर फरमॅना परगण्यातल्या किल्ल्यात राहत. मेयोमधल्या जमिनीचा खंड गोळा करायचा, कुळांवर वचक ठेवायचा, ज्याने खंड थकवला त्याला हुसकून लावायचं, ही कामं बॉयकॉटकडे. स्वतःसाठीही त्याने काहीशे एकर कसायला घेतली होती. आमच्या कोकणात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. खोत म्हटलं की झालं. मालक दूर, खोत दारात.

मेयो हा आयर्लंडमधल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक. १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ आला, त्यात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. तिथल्या म्हाताऱ्यांना तो आठवत होता. १८७९ ला पुन्हा पीक बुडालं आणि खंड भरायला पैसे राहिले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डब्लिनमध्ये लँड लीग स्थापन झाली. तिच्यामागचा मुख्य माणूस मायकल डॅव्हिट. तो मेयोचाच, लहानपणी घरादारासकट हुसकलेल्या कुटुंबातला. अध्यक्ष चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावच्या सभेत पार्नेलने गर्दीला विचारलं : तुमच्या शेजाऱ्याला हुसकून मोकळी केलेली जमीन जर दुसऱ्या कुणी कसायला घेतली, तर त्याचं काय कराल? गर्दीतून ओरडा झाला, गोळी घालू. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला, ख्रिस्ती माणसाला शोभेल असा एक मार्ग मी सांगतो. तो रस्त्यात भेटला, दुकानात भेटला, बाजारात भेटला, अगदी प्रार्थनेच्या जागी भेटला, तरी त्याच्याशी बोलायचं नाही. महारोग्याला ठेवतात तसं त्याला एकटं ठेवायचं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सरळ पुढे गेले होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की पार्नेल जमीनदाराबद्दल बोलतच नव्हता. तो बोलत होता दुसऱ्या एका कुळाबद्दल, म्हणजे तितक्याच गरीब शेजाऱ्याबद्दल. हे हत्यार पहिल्यांदा सुचवलं गेलं ते बाजूच्या घरावर चालवायला.

वरच्या घरावर ते चालवलं मेयोच्या लोकांनी. त्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली आणि लॉर्ड अर्न दहा टक्क्यांच्या पुढे जाईना. सभेनंतर तिसऱ्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, हुसकून लावण्याच्या नोटिसा बजावायला माणूस आला, सोबत सतरा पोलीस. दोन-तीन घरं झाली. मग बायका जमल्या आणि दगड, चिखल, शेण, जे हाताला लागलं ते फेकायला लागल्या. नोटिसवाला पळाला. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या घरी गेला आणि नोकरांना सांगितलं, काम सोडा.

पुढचं बॉयकॉटने स्वतःच लिहून ठेवलंय. लंडनच्या 'टाइम्स'ला त्याने पत्र पाठवलं, ते १८ ऑक्टोबरला छापून आलं. नोकर गेले. लोहाराला धमकी मिळाली की याचं काम केलंस तर मारून टाकू. कपडे धुणाऱ्या बाईला काम सोडायचा हुकूम झाला. टपाल आणणाऱ्या पोराला वाटेत अडवलं, मग पुतण्याला पाठवलं तर त्यालाही अडवलं. दुकानदारांना सांगितलं, याला काही विकायचं नाही. शेतात बटाटे, सलगम आणि धान्य तयार उभं आणि काढायला एक माणूस नाही.

इंग्लंडात आणि आयर्लंडच्या उत्तरेत या पत्राने गहजब झाला. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनहन परगण्यांतून पन्नास प्रॉटेस्टंट स्वयंसेवक पीक काढायला निघाले. त्यांना सांभाळायला हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलीस. नोव्हेंबरात दोन आठवडे, पावसात, हे सगळे बॉयकॉटच्या शेतावर मुक्कामाला होते. पीक साधारण पाचशे पौंडांचं, आणि ते काढायचा खर्च तेव्हाच्या अंदाजाने किमान दहा हजार पौंड. रक्षणाला आलेल्या लोकांनी त्याच्या हिरवळीची वाट लावली ती वेगळीच. महिनाअखेरीस बॉयकॉटने बायकोसह ते घर सोडलं. डब्लिनमध्ये ज्या हॉटेलात उतरला, त्याच्या मालकाला पत्र आलं : याला ठेवलंस तर तुझंही हेच करू. १ डिसेंबरला तो इंग्लंडला निघून गेला.

त्याच्या अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं.

*

आता शब्द. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तेव्हा मेयोत होता आणि तिथल्या फादर जॉन ओमॅली या धर्मगुरूकडे जेवायला गेला होता. शब्द कसा जन्मला हे त्यानेच नंतर लिहिलंय. जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. फादरनी विचारलं, काय झालं? रेडपाथ म्हणाला, एक शब्द अडलाय. गावकरी दुसऱ्या एखाद्या कुळाला तोडतात त्याला आपण सामाजिक बहिष्कृती म्हणतो. पण जमीनदाराला किंवा बॉयकॉटसारख्या त्याच्या माणसाला तोडलं, तर त्यासाठी पूर्ण निराळा शब्द हवा. जो पुस्तकी इंग्रजी शब्द आहे तो शेतकऱ्यांना कळणार नाही. ओमॅली थोडा वेळ कपाळावर बोटं आपटत बसले आणि म्हणाले, 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर?

मी भाषांतरकार आहे, त्यामुळे मला या जेवणाचं फार अप्रूप आहे. त्या टेबलावर नेमका तोच प्रश्न होता जो माझ्यापुढे आला होता. खालच्याने वरच्याला तोडणं आणि गावाने आपल्यातल्याच एकाला तोडणं, या दोन क्रिया वेगळ्या आहेत, त्यांना एक शब्द चालणार नाही. त्यासाठीच तर 'बॉयकॉट' घडवला गेला.

आणि हा फरक किती टिकला? जेमतेम काही आठवडे. २० नोव्हेंबरच्या 'टाइम्स'मध्ये तो शब्द दुसऱ्याच एका गावाच्या बातमीत आला. बॉयकॉटसाहेब अजून लॉक मास्कलाच होते! डिसेंबरात एका वर्तमानपत्राने तो छोट्या अक्षरात छापला, म्हणजे माणसाचं नाव संपलं आणि साधं क्रियापद उरलं. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, सगळ्यांनी तो उचलला. कुणी कुणाशीही व्यवहार तोडला की बॉयकॉट.

क्रिकेटवाल्या बॉयकॉटचंही सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. १९८१ च्या डिसेंबरात दिल्ली कसोटीत त्याने गॅरी सोबर्सचा सर्वाधिक कसोटी धावांचा विक्रम मोडला. त्या दौऱ्याआधी त्याच्या दक्षिण आफ्रिकेशी असलेल्या संबंधांवर आपल्या सरकारने आक्षेप घेतला होता. वर्णभेदामुळे सगळ्या क्रिकेटजगताने तेव्हा त्या देशाशी खेळणं थांबवलं होतं. भारताने तर १९७४ ला डेव्हिस कपची अंतिम लढत सोडून दिली होती, पण दक्षिण आफ्रिकेशी टेनिस खेळला नव्हता. हे गृहस्थ १९८२ च्या मार्चमध्ये बंडखोर संघासोबत तिकडे खेळायला गेले आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. बॉयकॉट मोडणाऱ्याचं आडनाव बॉयकॉट.

*

मराठीत हा शब्द आला तेव्हा त्याची जागा आधीच भरलेली होती. बहिस् म्हणजे बाहेर, बहिष्कार म्हणजे बाहेर करणं. जातीबाहेर, पंक्तीबाहेर, पाणवठ्याबाहेर. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० ला काही नामवंत मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर लोकांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. टिळकही त्या यादीत होते आणि तेही प्रायश्चित्तातून सुटले नाहीत.

पुढे पंधरा वर्षांत त्याच टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला 'बहिष्कार' येऊन बसला. १९०५ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या सभेत विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला, ऑक्टोबरात पुण्यात कपड्यांची होळी पेटली. ज्या शब्दाने एका चहाच्या कपासाठी लोकांना छळलं, तोच शब्द आता मँचेस्टरच्या गिरण्यांवर रोखला होता. आयरिश लोकांनी जी क्रिया वेगळी काढली होती, ती आपण पुन्हा जुन्या डब्यात ओतली. नवा शब्द घडवावासा कुणाला का वाटला नाही, याचा मी विचार करते तेव्हा मला एकच उत्तर सुचतं. शब्द निवडणाऱ्यांना जातीचा बहिष्कार फार तर प्रायश्चित्तापुरता सोसावा लागला होता.

ज्यांना तो रोज सोसावा लागे, त्यांनी हा शब्द स्वतःच्या नावातच घेतला. डॉ. आंबेडकरांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. ३ एप्रिल १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, 'बहिष्कृत भारत' सुरू केलं.

मुंबई सरकारने १९२८ ला नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते. १९३० च्या त्या समितीच्या अहवालात लिहिलंय की अस्पृश्यांनी गावात हक्क बजावायचा म्हटलं तर काय होतं. कसायला दिलेली जमीन काढून घेतात. मजुरी बंद करतात. वाट बंद करतात. वाणी सामान देत नाही.

ही यादी आणि बॉयकॉटच्या पत्रातली यादी मी एका रात्री शेजारी-शेजारी ठेवून वाचली. दुकान दोन्हीकडे आहे. मजूर दोन्हीकडे आहेत. वाट दोन्हीकडे आहे. पण बॉयकॉटच्या दिमतीला हजार शिपाई आले आणि शेवटी इंग्लंडला परत जायला बोट होती. पुढे १८८६ ला त्याला सफकमध्ये दुसऱ्या इस्टेटीवर तसलीच नोकरीही मिळाली. सुट्टीत तो आयर्लंडला फिरायलासुद्धा यायचा. महाडच्या आसपासच्या वाडीतल्या माणसाला कुठली बोट?

आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत मांडलेल्या मागण्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी एक मागणी होती. त्यासाठीचा मसुदा त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. म्हणजे शस्त्र म्हणून बॉयकॉट ऐन भरात असताना हा माणूस म्हणत होता, हे शस्त्र कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. आणि त्याच काळात, १९३३ पासून, आमच्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने तो संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. आंबेडकर या कुळांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ ला त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. एकाच माणसाने एक बहिष्कार गुन्हा ठरवायला सांगितला आणि दुसऱ्याची पाठ राखली. यात मला विसंगती दिसत नाही. रेडपाथला जो फरक जेवताना अडला होता, तोच हा.

*

आता आमच्या गावाचं. चरीपासून ते फार लांब नाही.

मी चौथीत असताना माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वडलांनी ग्रामपंचायतीला अर्ज भरला. गावकीने आधीच दुसरं नाव ठरवलं होतं. त्यांनी अर्ज मागे घेतला नाही. देवळात बैठक झाली आणि त्या घराला वाळीत टाकलं. त्यांच्याशी जो बोलेल त्याला पाचशे रुपये दंड. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, ते बंद झालं. मला कुणी मारून-मुटकून सांगितलं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, थोडे दिवस दुसरीकडे बस. मी बसले.

गावात पिठाची गिरणी एकच होती आणि ती आमची होती.

मैत्रिणीची आई दळणाचा डबा घेऊन आली तेव्हा मी गल्ल्याजवळ बसून गृहपाठ करत होते. गिरणी चालू होती, पीठ उडत होतं, कानठळ्या बसत होत्या. बाबा बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, पट्टा तुटलाय." गिरणीच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांना ते पुन्हा, मोठ्याने ओरडून सांगावं लागलं. तिने एकदा आत फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघितलं, डबा उचलला आणि गेली. त्या दिवसापासून ती दोन मैलांवरच्या गावात दळण न्यायची.

बॉयकॉटच्या पत्रात मला सगळ्यात जास्त कोण दिसत असेल, तर तो लोहार. त्याला बॉयकॉटचा राग होता का? की घोड्याच्या नालांचे पैसे बुडाले म्हणून तो हळहळत होता? कुणी त्याला विचारलं नाही. बहिष्कार चालतो तो असल्या मधल्या माणसांच्या भीतीवर. मेयोच्या लोकांची बाजू न्यायाची होती, असं मला आजही वाटतं. पण धमकीची चिठ्ठी मेयोतही होती आणि आमच्या देवळातही. बाबांनी दळण दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी गिरणीवर एकही डबा आला नसता. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. ते स्वतःही घेत नाहीत.

रायगडमधल्या अशा कितीतरी घटना पुढे पोलिसांत आणि वर्तमानपत्रांत आल्या. १९४९ चा मुंबई राज्याचा एक कायदा होता, पण १९६२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर नवा कायदा यायला २०१६ उजाडलं. तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बातमी आली तेव्हा मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, बरं झालं. मग थोड्या वेळाने म्हणाले, तेव्हा असता तर माझं नाव पण आलं असतं का गं त्यात?

त्या घरावरचा बहिष्कार चार वर्षांनी उठला होता. दंड भरून, देवळात नारळ ठेवून. दंड त्यांनीच भरला.

मी भाषांतरात पहिल्या ठिकाणी 'बहिष्कार' ठेवलं आणि दुसऱ्या ठिकाणी 'वाळीत टाकलं' लिहिलं. संपादकांनी दोन्हीकडे बहिष्कार केलं, एकसारखेपणासाठी. मी मेल करून एकदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

गेल्या मे महिन्यात गावी एका हळदीला मैत्रिणीची आई भेटली. काकी आता थकल्यात. माझ्या पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बाबांची तब्येत विचारली, गिरणीला नवीन मोटर बसवली का तेही विचारलं. मी म्हटलं, हो, या ना काकी दळण घेऊन, आता खूप लवकर होतं. त्या म्हणाल्या, "येईन गो. पण तिकडचं पीठ बारीक येतं, सवय झालीय."